गुरुवारी वीज आल्यावर

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते शुक्रवार पेठेत.
दहाला म्हणतात, पावणेदहालाच जाते.
यूपीएस अकरा मिनिटं ओरडतो,
मग त्याचाही घसा बसतो.

वीज आली की सगळे एकदम उठतात,
पण उठण्या-उठण्यात फरक असतो.
सहाही कॉम्प्युटर चाळीस सेकंदांत तयार,
भांग पाडून, चपला घालून.
नेटवर्कचा स्विच अजून डोळे चोळतोय,
आणि जिन्याखालचा स्टोरेजचा डबा,
ज्यात शहराच्या पाण्याचे सगळे नकाशे,
तो एकेक डिस्क फिरवून बघतोय,
म्हातारा माणूस उठण्याआधी गुडघे चाचपतो तसा.

कॉम्प्युटर एकदाच हाक मारतात.
ओ आली नाही की नाद सोडतात.
दोष त्यांचा नाही,
एफस्टॅबमधली ती ओळ मीच खरडली होती, जेवायला जाता जाता.

फोल्डर मात्र जागेवर असतो.
'नकाशे'. तेच नाव, तोच पिवळा रंग.
उघडला तर उघडतो.
आपल्यात काही नाही, एवढंही सांगत नाही.

मागच्या महिन्यात नसीम तांबोळीनं
त्या नाहीपणात तीन दिवस काम केलं.
मी सासवडला, साखरपुड्यात.
एकशे चौदा ताव, निळ्या कापडाचे, कडा वाळवीनं खाल्लेल्या,
आणि शेजारी स्टुलावर रखमाजी पासलकर, निवृत्त चावीवाले,
बोट न टेकवता दाखवत:
"ही चावी उलटी फिरते बरं का.
आणि दत्ताच्या देवळामागं अजून एक आहे,
ती कागदावर नाही."
ती टाइप करत होती. सेव्ह करत होती.
सेव्ह होत होतं.

सोमवारी येऊन मी हातानं माउंट केलं
आणि तिचे तीन दिवस दिसेनासे झाले.

ती काही बोलली नाही.
डबा उघडला, पोळीचा तुकडा तोडला
आणि तसाच हातात धरून बसली.
"परत सांगतो की," पासलकर म्हणाले, "मला कुठं जायचंय."
मंगळवारी सांगायला लागले,
आणि दत्ताच्या मागची चावी
मारुतीच्या मागं गेली.

रात्री, मंडईच्या सिग्नलला, डोक्यात पडलं:
गेलं नाही ते. झाकलं गेलंय.
परत फिरलो, वॉचमनला उठवलं,
वरचं अख्खं शहर उचलून बाजूला केलं,
उनमाउंट,
आणि खाली, तिच्याच मशीनवर, सगळं जसंच्या तसं.
सतरंजीखाली ठेवून विसरलेल्या नोटांसारखं.
देऊळ दत्ताचंच होतं.

आता ओळ बदलली आहे.
एक शब्द: नेटवर्कची वाट बघ.
एक शब्द: नाहीच जमलं तर बाकीच्यांना अडवू नकोस.
आणि शेवटी एक लांबलचक शब्द, ज्याचा अर्थ इतकाच,
की कुणी दार ढकलेल तेव्हा जोड.
खालच्या रिकाम्या फोल्डरला कुलूप घातलं:
तुझ्यात काही नसताना कुणाकडून काही घेऊ नकोस.
(हे मला स्वतःलाही कधीतरी सांगायचं होतं.)

पासलकरांनी सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे तोटी सोडली की चावी आपोआप?"
"हो."
"आणि पाणी नसलंच तर?"
"तर तसं सांगेल. एरर येईल."
"ते बरं. आमचा नळ नुसता फुस्स करायचा,
शिव्या आम्ही खायचो."

या गुरुवारी वीज तीन चाळीसला आली.
मी हात खिशात घालून उभा.
नसीमनं फोल्डर ढकलला.
काहीच नाही.
जिन्याखाली डिस्क घरघरली.
मग नावं उतरू लागली, अप्पर इंदिरानगरपासून.

ती मात्र अजून आधी एक फाइल बनवते,
'आहे का' नावाची,
आणि माझ्याकडं न बघता विचारते, "दिसली?"
दिसली, म्हणतो.
मग ती पुसते, आणि पहिला ताव काचेवर ठेवते.