पाटीचं वजन

जानेवारीत आमच्याकडे जमीन दिसत नाही.
शहादा रस्त्याला नुसती मिरची, वाळत पडलेली.
परगावचा माणूस गाडी थांबवून फोटो काढतो,
मग शिंकतो.

त्यातली चार एकर पथारी माझी.
चौतीस बाया देठ खुडतात, नाकाला फडकं बांधून,
किलोमागे आठ रुपये.
सकाळी आठला मी सगळ्यांना उभं करायची
आणि पत्र्याच्या शेडखाली प्रार्थना म्हणायची.
इस्माईल मुकादमही टोपी सारखी करून उभा राहायचा.
कुणी नाही म्हटलं नाही.
मला वाटायचं, ही कृपा.
आता वाटतं, हजेरीपट.

नवा काटा आला त्या दिवशी,
लाल आकड्यांचा, बॅटरीवरचा,
तपासायला म्हणून मी रिकामी पाटी ठेवली.
एक किलो दोनशे.
पुन्हा ठेवली.
एक किलो दोनशे.
वहीत मात्र प्रत्येक पानावर, डोक्याशी:
पाटी वजा, दोन किलो.
अक्षर माझंच.
तेव्हा बांबूच्या टोपल्या होत्या, दवानं भिजून जड व्हायच्या.
मग प्लास्टिकच्या आल्या, हिरव्या, हलक्या.
आकडा तसाच राहिला.
चोरी करायला मी गेलेच नव्हते,
ती माझ्या वहीत आपोआप पिकत होती,
सहा हंगाम.

आठशे ग्रॅम. दिवसाला सहा पाट्या. शंभर दिवस.
रात्री दोन वाजता बेरीज पावणेआठ लाखांवर थांबली.
एवढ्यात तर मी मागचं गोदाम बांधलं होतं,
आणि देवळाला नवं छप्पर दिलं होतं,
ज्याच्या पाटीवर, त्या दुसऱ्या पाटीवर,
माझ्या घराचं नाव आहे.

उंबरावर चढलेला तो बुटका वसुलीदार आठवला.
तो म्हणाला होता, चौपट देईन.
चौपट म्हणजे एकतीस लाख.
मी कागद उलटा ठेवला.
प्रभू, त्याच्याकडे बँकेचं कर्ज नव्हतं,
असं काहीतरी पुटपुटले, आणि लाज वाटली,
आणि तरीही चौपट लिहिलं नाही.
एकपट लिहिलं.
टेम्पो विकला, बोरदच्या रस्त्याचा प्लॉट विकला.

पाकिटं वाटली त्या दुपारी
बाजारातले दोघे व्यापारी येऊन बसले, चहा घेतला.
"बाई, पुण्य करा, पण गावाचा रेट बिघडवू नका."
इंदूरच्या दलालानं दोन दिवस फोन उचलला नाही.

मी बायांना सांगितलं: माझी चूक झाली,
पाटी दोन किलोची नव्हती.
झेलूबाईनं पाकीट उघडलंसुद्धा नाही.
तिची बोटं नखापाशी पांढरी पडलेली,
रात्री ती ताकात बुडवून झोपते, हेही मला त्याच दिवशी कळलं.
म्हणाली,
"आम्हले माहीत व्हतं, बाई."
मग बोलली का नाहीस?
"तू रोज परार्थना करस ना.
आम्हले वाटनं, तुले बी ठाऊक शे."

शेडमध्ये कुणीतरी खोकलं.
मिरचीचा खोकला, की हसू, कळलं नाही.

आता आठला कुणी उभं राहत नाही.
मी एकटीच येते, रिकामी पाटी काट्यावर ठेवते,
बटण दाबते, शून्य येईपर्यंत बघत राहते.
इस्माईल विचारतो, आज दुआ नाही?
मी म्हणते, चालू आहे.
गोणीवर पाणी मारायचं नाही,
रंगाचा तेलडबा गेटच्या आत यायचा नाही.
दोन्हीत पैसा आहे, हे मला नीट माहीत आहे.
यंदा नफा कमी.
मुलगा जेवताना बोलत नाही.

टेबलाच्या खणात तीन पाकिटं उरलीत.
एक रावजीच्या आईचं, ती गेली.
एक जण सुरतेकडे ऊसतोडीला गेली, फोन लागत नाही.
तिसऱ्यावर नुसतं लिहिलंय: निळ्या लुगड्याची, पाय ओढणारी.
चार वर्षं माझ्यासमोर बसून तिनं देठ खुडले,
आणि मला तिचं नाव माहीत नाही.
रविवारी उपासनेला गुडघे टेकते तेव्हा
सगळ्यात आधी तेच विचारते.
अजून उत्तर नाही.
उद्या उच्छलच्या बाजारात जाऊन बघेन.