तिसरा रकाना

चौकटींच्या वहीत तीन रकाने आखले.
पट्टी धरूनच. चौतीस वर्षं गणित शिकवल्यावर
मोकळ्या हाताने रेघ ओढवत नाही.
किंमत. सोयी. भरवसा.

पहिला धुळ्याहून परतताना एसटीतच भरला:
शोरूमचा आकडा, त्यावर विमा, त्यावर नोंदणी,
त्यावर हर्षल बडगुजर ज्याला 'हाताळणी' म्हणाला तो खर्च.
कोणी हाताळलं, मी विचारलं.
तो हसला. दात छान आहेत पोराचे.

दुसरा त्यानेच भरला होता, माझंच पेन मागून घेऊन.
मागचं दाखवणारा कॅमेरा. बोललेलं ऐकणारा पडदा.
आणि छताला काच, मॅडम, बटण दाबलं की आभाळ!
बाळा, मी म्हटलं, मे महिन्यात अमळनेरला
आभाळ हवंय कोणाला?
आम्ही गोणपाट भिजवून लावतो त्याच्या आड.

तिसरा कोरा.
त्याने लिहिलं, पाच वर्षांची वॉरंटी.
मी खोडलं. वॉरंटी म्हणजे
बिघडणार हे त्यांनाही ठाऊक आहे, एवढंच.
पुण्याची भाची म्हणाली, मावशी, लोकांनी दिलेले तारे बघ.
साडेचार होते.
अर्धा कोणी तोडून घेतला आणि का,
ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बामणोदचं वांगं घेताना मी रंगावर जात नाही.
उचलते. आकाराच्या मानाने हलकं लागलं
की आत बी कमी, भरीत गोड.
गाडी उचलता येत नाही.
माझी सगळी अडचण ती.

युनूस पिंजारीने हात चिंधीला पुसले, म्हणाला,
ताई, जुनी घ्या, पण थंडी असताना देखा.
गरम गाडी सगळ्यांशीच गोड बोलते.

म्हणून पारोळ्याला, सकाळी सहाला.
धुडकू आप्पा वाणी, कापडवाले, ओट्यावर उभे,
एका डोळ्याला हिरवी पट्टी.
गाडी पांढरी, सात वर्षांची, काचेला काल रात्रीची धूळ.
मी बॉनेटवर तळवा ठेवला,
जसा तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.
गार.

किल्ली देता देता ते म्हणाले,
"बाई, गाडी बेस शे. पन दुसरा गियर सकायमा रुसस.
जोर नको करू. दोन म्हन, मंग टाक."

कोणी विचारलं नव्हतं त्यांना.
मला तर विचारायचं सुचलंही नसतं.

आतून पावत्या आणल्या, पहिल्या सर्व्हिसपासूनच्या,
तारखेवार, सुईदोऱ्याने शिवलेल्या,
टाके एकसारखे, शेवटी गाठ.
मी पानं उलटत राहिले
आणि ते बोटाने काचेवरची धूळ उगाच ओढत राहिले.
मग मी दहा हजार कमी करून मागितले,
सवयीने; आणि त्यांनी दिले, तेही सवयीनेच.
सीटवरची विणलेली आसनं काढू का, म्हणाले.
ठेवा, मी म्हटलं. कोणी विणली ते विचारलं नाही.

फाटक उघडलं तेव्हा माझ्या मागे
केळीने भरलेला ट्रक.
पहिला पडला. दुसरा रुसला.
ट्रकने सगळ्या गावाला उठवलं.
मी मोठ्याने म्हटलं, एक,
दोन,
आणि तो पडला, आंघोळीला निघालेल्या पोरासारखा,
कुरकुरत.

घरी येऊन वही उघडली. तिसऱ्या रकान्यात लिहिलं:
दुसरा गियर.
विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं
तर मी गुण दिले नसते. पायऱ्या कुठे आहेत?

हर्षल अजून दर शनिवारी फोन करतो.
मॅडम, छताची काच आता फुकट.
मी म्हणते, बाळा, आधी सांग,
तुझ्या गाडीचं काय रुसतं?
तो थोडा वेळ गप्प बसतो.
मग ऑफर पुन्हा पहिल्यापासून वाचतो.