दिवे घालव

वर्षाकाठी चार दिवस पडतो इथे पाऊस
आणि चारही दिवशी माझी लान्सर बंद पडते.
रास अल खैमा, नखीलचा राउंडअबाउट,
मागे सिमेंटचे ट्रक, पुढे मातकट पाणी,
आणि मी, अंगात लॅबचा पांढरा कोट,
चावी फिरवतेय. फिरवतेय.
इंजिन खोकतं नुसतं.
खोकून गप्प.

टॅक्सीवाल्या पठाणाने काच खाली करून सांगितलं,
"पुरानी है, बेच दो."
विकायला हरकत नव्हती. घेणार कोण?
मलाही ती कुणीतरी विकलीच होती,
मंगळूरच्या ग्लॅडिस सिस्टरने, कायमची परत जाताना,
टाकी भरून, डॅशबोर्डवरची मेरीमाता तशीच ठेवून.
"पावसात जरा रुसते," एवढंच म्हणाली.
मी म्हटलं, इथे कुठला पाऊस!

सनैयात न्यावी तर ऊन पडलेलं,
अर्ध्या चावीत सुरू,
डॉक्टरच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखी.
एकाने प्लग बदलले. एकाने बॅटरी.
तिसऱ्याने पेट्रोलचा पंप, साडेतीनशे दिरहॅम,
वर सल्ला: मॅडम, जास्त धुवू नका.

मुख्तार सोलकरांचं गॅरेज शेवटच्या गल्लीत,
टायरांच्या ढिगाआड. मूळचे दाभोळचे.
एकतीस वर्षं इथे, बोलणं अजून खाडीवरचं.
त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.
"कधी बंद पडते?"
"ओल आली की."
"मग आपण ओल आणू. दिवसा नको. ईशा झाल्यावर ये."

गेले. पोऱ्या शटर ओढून घेत होता.
सोलकरांच्या हातात इस्त्रीचा फवारा,
निळा, प्लास्टिकचा, दोन दिरहॅमच्या दुकानातला.
इंजिन चालू ठेवून म्हणाले,
"बाय, दिवे घालव."

घालवले.
किती वर्षांनी ऐकला हा शब्द.
इथे सगळे दिवे ऑफ करतात.

काळोख. तापल्या तेलाचा वास.
फुस्स. फुस्स.
आणि मग दिसलं ते:
वायरींवरून सरपटणारं निळं काही,
डिस्ट्रिब्यूटरच्या डोक्यावर बारीक फांद्या फुटाव्यात तसं,
टिकटिक करत
जायचं तिथलं सोडून भलतीकडेच निघालेलं.
इंजिन अडखळलं. खोकलं. गप्प.

मी दचकून मागे. सोलकर खूश.
"बघितलंस? सापडला चोर.
वीज भारी आळशी गो. ओली वाट दिसली
की कामावर जायची नाही,
बॉडीत उतरून झोपते."

कॅप काढून माझ्या हातात दिली.
"आता तू बघ. मला ठिणगी दिसते, भेग नाही दिसत.
मोतीबिंदू पिकलाय. पोरं म्हणतात, गावाला येऊन काढा."
आणि चष्मा पुसत राहिले,
चष्म्याचा काही दोष नसताना.

मी दिवसभर काचेखाली रक्त बघणारी बाई.
टॉर्च तिरकी धरली, नख फिरवलं.
तिसऱ्या आणि चौथ्या वायरीच्या मध्ये
केसाहून बारीक, काजळी भरलेली रेघ.
नखाला आधी लागली. डोळ्याला नंतर.

कॅप स्क्रॅपमधली, तीस दिरहॅम. वायरींचे साठ.
हाताचे पैसे घेईनात.
वर फवाराही दिला: घरी एकदा अंधारात बघून घे,
माझ्या शब्दावर राहू नको.

पार्किंगमध्ये रात्री पावणेबाराला
मी माझ्याच इंजिनावर पाणी मारत उभी,
आणि वॉचमन लांबून बघतोय,
मदतीला यावं की पोलिसांना सांगावं.
काही दिसलं नाही.
काही न दिसण्याकडे इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं.

फेब्रुवारी सरत आला. पाऊस नाही अजून.
रोज ड्युटीला निघताना आभाळ बघते,
येऊ दे म्हणते, एकदा.
परवा सनैयावरून गेले, तर शटर बंद.
वर खडूने लिहिलेलं, हिंदीत आणि अरबीत,
पोऱ्याच्या अक्षरात:
वापस आएगा.
तारीख नाही.