खाल्ल्या घरचे वासे

तिवरगाव मी तीन आठवडे खपून उभं केलं,
नेरूळच्या सेक्टर वीसमध्ये, जेवणाच्या टेबलावर,
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने.
मधोमध विहीर, म्हणजे कॅरमचा स्ट्रायकर.
माणसं म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं,
एकतीस.
पाटील बाबांच्या कोटाचं पितळी.
सुईण बायजा मोत्यासारखं,
एका भोकाला तडा गेलेलं.

वाटलं होतं, दमून आलेत बिचारे,
दोन महिने गुहांतून वणवण करून.
एक गाव तरी असं असावं
जिथे दार उघडताना कोणी आधी कोयता उचलत नाही.
म्हणून गावाने त्यांना जेवायला वाढलं.
बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी,
आणि झोपायला बायजेची ओटी.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात.
सौमिलने खरंच मोजले.
"किती आहेत? सागाचे का?"
चोर आहे ना मी, म्हणाला, चिवडा चघळत.
रेवाला नवा शिकलेला मंत्र करून बघायचा होता,
बघितला, जाळ्यांच्या मांडवावर.
मांडव गेला, आत गावाची सगळी जाळी.
जाब विचारायला आलेल्या पाटलाला
डेन्झिलने ढालीने ढकललं.
फासा पडला वीस,
म्हणजे पाटील थेट विहिरीत.
हसून हसून तिघांच्या डोळ्यांत पाणी.
श्रीरंग तेवढा म्हणाला,
"अरे, पोहता येतं का त्याला?"
मी विचारच केला नव्हता.
येतं, म्हणाले घाईघाईने.

खालच्या कर्णिक काकूंनी
झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.
साडेबारा वाजले होते.

माझ्या डोक्यात काय काय आलं, सांगते.
राजाचे दोनशे घोडेस्वार.
खाडीतून वर येणारं काहीतरी, सात तोंडांचं.
सरळ सगळ्यांना मारावं आणि झोपावं.
उठून स्वयंपाकघरात गेले,
फ्रीजच्या उजेडात उभ्याने पाणी प्यायले.
पाम बीचवरून कोणाची तरी बाईक किंचाळत गेली.
गाव करी ते राव न करी,
हे आठवलं ते तिथे, बाटलीचं झाकण लावताना.

परत येऊन बसले
आणि एकेक बटण पालथं घालायला लागले.

"वाणी म्हणतो, तेल संपलं."
"त्याच्या मागे डबा दिसतोय की."
"संपलं."
"होडीवाला म्हणतो, ओहोटी आहे."
"आत्ता तर भरती म्हणालीस!"
"ओहोटी."
तुम्ही गल्लीत शिरलात की पोरं खेळ थांबवतात.
शिवी नाही, दगड नाही.
फक्त दारं लागतात,
कडीचा आवाजसुद्धा न करता.

"मग मारामारी कोणाशी करायची?" डेन्झिल.
कोणाशीच नाही.
"फासा टाकू?"
कशासाठी?
तो फासा मुठीत खुळखुळवत राहिला.

रेवा चिडली. "खेळ आहे ना हा?"
हो, म्हणाले, आणि माझ्या वाटणीला
गाव आलंय.

कोणी काही बोलेना.
श्रीरंगने नखाने हळूच बायजेला उताणं केलं.
मी पाहिलं,
परत पालथं घातलं.
तिचं तिला ठरवू दे.

निघताना, चपला शोधत, रेवानेच विचारलं,
"एक जाळं विणायला किती दिवस लागतात?"
मला कुठे माहीत.
पुढच्या शनिवारी सांगते, म्हणाले.

रविवारी सकाळी करावेच्या जेट्टीवर गेले.
एक बाई मांडीवर जाळं घेऊन बसली होती,
शेजारी ट्रान्झिस्टर, त्यावर ओढणी.
विचारलं.
तिने हात न थांबवता उलट विचारलं,
"फाटलंय का फाडलंय?"
जाळलंय, म्हणाले.
सुई थांबली.
पहिल्यांदाच वर पाहिलं तिने, नीट, चपलांपासून केसांपर्यंत.

आता हिला काय सांगणार,
गाव बटणांचं आहे म्हणून.