कूलर सरकवला तेव्हा

गणेशपेठेत, एसटी स्टँडच्या मागे,
खोली नंबर अकरा. मे महिना.
दिवसभर कळमन्यात वजनकाटे तपासले,
शिक्के मारले, दोन काट्यांना मारले नाहीत,
आणि रात्री नऊला अण्णांना फोन लावला.

आमचा फोन म्हणजे आवाज नव्हे.
अण्णांनी साताऱ्यात जन्मभर खिळे जुळवले,
छापखान्याचा खडखडाट त्यांना कधी ऐकू आला नाही,
नुसता तळपायांतून कळायचा.
आम्ही हातांनी बोलतो.
रेंज गेली की इतरांचा शब्द तुटतो,
आमचा हात.

आज त्यांनी डावा तळवा पसरला,
त्यावर उजव्या हाताची दोन बोटं उभी केली,
बोटं कलली
आणि चित्र तिथेच थिजलं.

आमच्या घरात जे काही पडतं
ते आधी तळहातावर उभं राहतं:
कप, पाऊस, भाव, माणूस.
पडलं, एवढं कळलं.
कोण, ते पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं.

मी कॉटवर चढले. फोन छताला लावला.
विमान मोड लावला, काढला.
वायफायला मला विसरायला लावलं,
पुन्हा ओळख करून दिली.
बाथरूमच्या दारात दोन कांड्या आल्या,
पण तिथला दिवा गेलेला,
आणि अंधारात मी मुकी.

खाली काउंटरवर तितरमारे.
"व्हिडिओ बंद करा न मॅडम, साधं बोला. आवाज जाते."
मी सांगितलं.
त्यांनी तोंडातला खर्रा गालात सरकवला,
क्षणभर स्वतःच्या हातांकडे पाहिलं,
आणि टीव्हीवर चाललेली नेटवरची मॅच बंद केली.
सोफ्यावरचे तिघे ओरडले.
"राजेहो, पाच मिनिटं मोबाइलही ठेवा खाली."

राउटर गॅलरीत, चपलांच्या रॅकमागे पडलेला,
वर कुणाचा तरी टॉवेल वाळत.
टॉवेल काढला. दोन्ही शिंगं सरळ केली.
स्टुलावर चढून खांबाच्या खिळ्याला टांगला.
"पाचवालं नेटवर्क सोडा, दुसरं घ्या.
थे हळू चालते, पण भिंतीतून येते."
एक कांडी वाढली.
बोटं हलली, पुन्हा अडली.

मग ते माझ्या खिडकीकडे बघत राहिले.
"कूलर," म्हणाले.
पत्र्याचा, छातीएवढा, ऐंशी लिटर पाणी पोटात,
भिंतीतल्या एकुलत्या भोकात बसलेला.
"पत्रा आन् पाणी. याच्यातून काही येत नाही बाप्पा,
हवा सोडून."

बाहेर अजून अडतीस.
मी प्लग काढला.
दोघांनी मिळून चाकांचा स्टँड ढकलला,
पाणी डचमळलं, माझ्या चपला भिजल्या,
आणि खिडकीतून भट्टीचा झोत आत आला,
त्याच्यासोबत अण्णा.

अख्खे. न तुटता.
बोटं तळहातावर आडवी झाली.
मग त्यांनी खालचा ओठ ओढला:
रांगेत एक फट.
दात चिमटीत धरून दाखवला,
खिळा पारखावा तसा, उलटा, सुलटा.
हसत होते.
मीही हसले, पण गालांवरून पाणी गळत होतं
आणि त्यांनी लगेच विचारलं, रडतेस?

नाही, घाम.
घामाची खूण होती आमच्याकडे.
कूलरची नव्हती, साताऱ्यात कधी लागलीच नाही.
मी हवेत पेटी काढली, पंखा फिरवला, गवत खोचलं,
त्यांना वाटलं, म्हशीचा गोठा.

तेव्हा तितरमारे, कुणी बोलावलं नसताना,
माझ्या शेजारी चित्रात आले,
दोन्ही तळवे टेकवून
काहीतरी जड एका बाजूला ढकललं
आणि बोटाने कपाळ निपटलं.

अण्णांनी ते तसंच करून पाहिलं. दोनदा.
दुसऱ्यांदा ढकलताना कमरेतून वाकलेसुद्धा.
भुवई उंचावली:
हे काय, या माणसाचं नाव?

नाही, मी म्हटलं.
गावाचं.