उतारे

सात पुस्तकांचा संच, एक कमी, चाळीस डॉलर.
जीवरसायन नाही, तिनं आधीच सांगितलं होतं,
तलावावर नेलं होतं, भिजलं.
हार्डवेअरच्या दुकानामागे, उणे बावीसमध्ये,
इंजिन चालूच ठेवून
व्हर्ना मीकिसनं डिकी उघडली.
पुस्तकं बटाट्याच्या गोणीत.

विकणारे दोन प्रकारचे असतात.
ज्यांना आता पुस्तकांची गरज उरली नाही,
आणि ज्यांना ती आता डोळ्यांसमोर नकोत.
भाव दोघांचा सारखाच.
विचारायचं होतं.
दात वाजत होते, तेवढं निमित्त पुरलं.

घरी आर्वोनं, म्हणजे बापानं,
गोणी टेबलावर उपडी केली.
बत्तीस वर्षं बंदरावरच्या धान्यकोठीत;
मूठभर गहू तळहातावर पसरून
प्रत सांगायचा.
पुस्तकांचे कणे अंगठ्यानं चाचपत म्हणाला,
हे वाचलेलं. हे वाचलेलं.
हे भौतिकशास्त्र नुसतं सांभाळलेलं.
आणि हे,
उताऱ्यांचं,
हे तर झिजवलंय, हेल्वी.

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मी ट्रे लावते:
कमी मीठ, बिनसाखर, गिळता न येणाऱ्यांना पातळ.
तिथे ज्याचं त्याचं देवस्थान वेगळं, नवस तोच.
ग्राझिएलाची भाची म्हणते, कार्डं कर, हजार कार्डं.
रात्रपाळीचा डॉक्टर म्हणतो, अधिकृत प्रश्नसंच सोडून
बाकी सगळा भुसा.
अधिकृत संच म्हणजे माझे नऊ दिवस.
मी हिशेब केला, पुन्हा केला,
आणि ते शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवले,
आई क्लाउडबेरीची शेवटची बरणी ठेवायची तसे,
मागच्या फळीवर.

तोवर व्हर्नाचं पुस्तक.

आधी तिची उत्तरं खोडायची.
रोज रात्री दोन उतारे, खोडरबराचा चुरा मांडीवर.
शिसं जातं, खळगा राहतो.
बोट फिरवलं की कळतं, इथे ती ब म्हणाली होती,
मग जोरात ड.
न बघता सोडवायचं म्हटलं तरी
बोटाला डोळे असतात.

घंटा ओतणाऱ्यांवर एक उतारा.
नकाशांवर विश्वास नसलेल्या माणसावर एक.
दरबारातल्या खुर्च्यांची उंची, साडेसहाशे शब्द.
दहा मिनिटं. रोगी कुठेच नाही, ताप नाही, रक्त नाही,
आणि म्हणे यातूनच कळणार
मी कुणाच्या छातीला कान लावायला लायक आहे का.
आम्हाला हवा असतो उतारा,
मिळतात उतारे.

नकाशांच्या उताऱ्याखाली प्रश्न:
लेखकाला सर्वाधिक शंका कशाची वाटते?
समासात तिचं बारीक अक्षर:
त्याला काय वाटतं ते मला माहीत आहे.
मला काय वाटतं, ते कितव्या प्रश्नात?

हे मी खोडलं नाही.

शेवटची चाचणी. नऊ उतारे.
सातव्यापर्यंत उत्तरं, तारीख, वेळ, सगळं नीट.
आठव्याच्या तिसऱ्या ओळीवरून
पेन्सिलीची एक रेघ निघते
आणि पानाच्या कडेपर्यंत घसरत जाते.
झोप असेल. फोन वाजला असेल.
कुणी दार ठोठावलं असेल.
पुढचं सगळं कोरं, कागद गुळगुळीत,
बोटाला काहीच लागत नाही.
तिथून पुढे मी एकटी होते.

मार्चमध्ये तिचा निरोप आला.
ते भिजलेलं पुस्तक वाळलं.
पानं पावासारखी फुगलीत, पण वाचता येतं.
हवंय? पैसे नकोत.

मी लिहिलं, हो.
मग बराच वेळ फोन हातात धरून बसले.
आर्वो रेडिओवर बर्फाची जाडी ऐकत होता.
दोन प्रकारच्या विकणाऱ्यांबद्दल
तेव्हाही विचारलं नाही.
लिहिलं:
आठव्या उताऱ्याच्या पहिल्या प्रश्नाला
मला क येतंय.
तुला?

आणि भांडी घासायला उठले.