बोटांवर मोजण्याइतके

फेरीबोटीतून उतरल्या तेव्हा ओतिलिया बारियांच्या अंगात
दोन स्वेटर होते, हातात बुटांचा खोका.
खोक्यात बूट नव्हते. पेन्सिली, ओलं शेवाळ, एक छोटी कात्री.
मी सतरा वर्षांचा. वडिलांनी होडी विकलेली.
"जंगल ठाऊक आहे?"
"आहे."
"गप्प बसता येतं?"
एवढीच मुलाखत.

आमच्या बेटावरचा तो बेडूक डराव म्हणत नाही.
शीळ घालतो, पाखरासारखी, कुजल्या पानांखालून.
नाक टोकदार, कुणी चिमटीत धरून ओढल्यागत.
अंगठ्याच्या पेराएवढा जीव.
मादी अंडी घालून निघून जाते.
बाप थांबतो. वीसेक दिवस थांबतो.
आत वळवळ सुरू झाली की
एकेक पोर तोंडात घेतो
आणि गिळत नाही.

बाईंनी मला भिंग दिलं.
गळ्याच्या कातडीखाली काहीतरी हलत होतं.
ज्या पिशवीत आवाज, त्याच पिशवीत मुलं.
आवंढा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.
होडी गेल्यापासून माझे वडील
जेवताना मान खाली घालून बसत,
आणि त्यांच्या गळ्याकडे मी
त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्या काळी ओळख ठेवायची रीत एकच:
डाव्या मागच्या पायाचं दुसरं बोट,
उजव्या पुढच्याचं तिसरं.
ज्याचा त्याचा आकडा, नसलेल्या बोटांत.
कातरायच्या बाई, लिहायचो मी.
बोट स्पिरिटच्या कुपीत, कुपी वाल्दिव्हियाला,
तिथे हाडाचा काप काढून आतली वर्तुळं मोजत,
ओंडक्याची मोजावीत तशी.
सहा हिवाळे. अकरा हिवाळे.
परिषदांत टाळ्या पडायच्या म्हणे.

त्र्याण्णव साली एकदा कात्री बंद झाली
आणि बाई तशाच बसून राहिल्या.
"रेमिहियो, यानं पाय आखडून घेतला नाही."
"नाही घेतला."
"म्हणजे सवय झाली याला."
मला वाटलं, थंडीनं बधिरला असेल.
पण बोललो नाही. पगार त्याचाच होता.

मग कॅमेरा आला. बेडूक उताणा करायचा,
पोटावर काळे-पांढरे डाग,
एकाचे दुसऱ्यासारखे नाहीत.
मी त्यांना नावं ठेवू लागलो: गळका डबा, बिशप, दोन गाई.
बाई रागावल्या. मग वहीत त्यांच्याच अक्षरात दिसलं:
'बिशप, पाच पोरं गळ्यात, वजन वाढलं.'
कात्री खोक्यातच राहिली.
"टाकून द्या ना," मी म्हटलं.
"टाकली तर विसरेन."

ओढ्याची दक्षिण बाजू कंपनीनं निलगिरीला दिली.
बुरशी आली, ती येताना कुणाला दिसली नाही.
कापसाच्या काड्या, शेकड्यांनी, पोटांवरून फिरवलेल्या.
चव्वेचाळीस. एकोणतीस.
एका उन्हाळ्यात नऊ दिवस नुसती पानं उलटली,
जशी होती तशी परत ठेवली.
सरकारी अहवालात वाक्य आलं:
संख्या आता बोटांवर मोजण्याइतकी.
बाईंनी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
कुणाच्या?

आता त्या एकाहत्तरच्या. बारीक आवाज कानात शिरत नाहीत.
आयुष्यभर जी शीळ ऐकली नेमकी तीच
त्यांच्यापुरती जंगलातून गेली आहे.
तरी जानेवारीत येतात. दोन स्वेटर. तोच खोका.
ओंडक्यावर बसतात, वही मांडीवर,
आणि माझ्या हाताकडे बघत राहतात.

ऐकू आलं की मी एक बोट वर करतो.
काल संध्याकाळी एक. बऱ्याच वेळानं दुसरं.
तिसऱ्या वेळी खात्री नव्हती,
चुकाओ पाखरूही असेल.
बोट अर्धंच वर केलं.
बाईंनी लिहिलं: दोन,
आणि पुढे एक प्रश्नचिन्ह, नीट वळण देऊन.